बिंब चौकटीत बसवताना

माघातली शुक्ल अष्टमी. संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्यातल्या आमच्या गच्चीवरून चंद्र जवळजवळ डोक्यावर दिसत होता. भाची माझ्या शेजारी उभी राहून लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर ॲपेनाइन पर्वतरांग उन्हात उजळली होती आणि तिच्या टोकाशी एरॅटोस्थेनिसचं विवर अजून अर्धं अंधारात होतं. पण खालचा सगळा चंद्र कापला गेला होता.

"मामा, अख्खा का नाही येत? दुर्बीण तर केवढी मोठी आहे!"

"दुर्बीण लांब आहे म्हणूनच नाही येत," मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. दुर्बीण घेणाऱ्या बहुतेकांचाही पहिल्या महिन्यात बसत नाही. हा लेख त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून लिहितो आहे. कुठल्या कॅमेऱ्यात किती चंद्र मावेल, किती सूर्य मावेल, कॅमेरा किती फिरवायचा, एका फोटोत भागेल की तुकडे जोडावे लागतील, हे सगळं गच्चीवर जायच्या आधी घरी बसून ठरवता येतं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फक्त त्याला खरे आकडे द्यावे लागतात.

आधी बिंबाचं माप. पंचांग बघणाऱ्यांना अंश, कला, विकला हे शब्द नवे नाहीत. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. आकाशात चंद्रबिंब सरासरी ३१ कलांचं दिसतं, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित मोठं. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी अंतरावर असतो, पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे हे अंतर बदलतं आणि बिंब साधारण २९.४ ते ३३.५ कलांच्या दरम्यान लहानमोठं होतं. सूर्य चंद्राच्या जवळपास ४०० पट रुंद आणि जवळपास तितक्याच पट दूर, म्हणून त्याचंही बिंब ३२ कलांच्या आसपास दिसतं: जानेवारीत साडेबत्तीस, जुलैत साडेएकतीस. या योगायोगामुळेच आपल्याला खग्रास ग्रहणं बघायला मिळतात, आणि फोटो काढणाऱ्यालाही त्याचा फायदा आहे. चंद्रासाठी केलेलं गणित सूर्यालाही बहुतांशी चालतं.

आता दुर्बिणीच्या आत काय होतं ते पाहू. भिंग किंवा आरसा बिंबाची एक छोटी प्रतिमा तयार करतो आणि ती कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडते. त्या प्रतिमेचा आकार फक्त फोकल लेंथवर, म्हणजे भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतरावर ठरतो. दुर्बिणीची रुंदी कितीही असो, त्याने प्रतिमा मोठी होत नाही. ती फक्त उजळ होते आणि बारीक तपशील वेगळे दिसू लागतात. लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा: फोकल लेंथला ११० ने भागा, तेवढ्या मिलिमीटरचं बिंब सेन्सरवर पडेल. माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) आहे, फोकल लेंथ १२०० मिमी. १२०० भागिले ११० म्हणजे जवळजवळ ११ मिमी. हाताच्या करंगळीच्या नखाएवढा चंद्र.

हा ११ मिमीचा चंद्र कशावर पडतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. साध्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिमीचा असतो. त्यात चंद्र मावतो, वर-खाली दोन-दोन मिमी मोकळे राहतात. ग्रहांचे व्हिडिओ घ्यायला लोक जो छोटा कॅमेरा घेतात, त्यातल्या एका अगदी प्रचलित जातीचा सेन्सर ४.८ बाय ३.६ मिमीचा आहे. त्यावर ११ मिमीचा चंद्र मावेल कसा? त्या अष्टमीला भाचीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आकडे समजले तरी मनात चित्र उभं राहत नाही. तिथे स्टेलेरियम कामाला येतं. हे आकाशाचा नकाशा दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. ठिकाण ठाणे द्यायचं, तारीख-वेळ द्यायची, आणि त्या क्षणी आपल्या गच्चीवरून दिसेल तसं आकाश समोर येतं. त्यात ऑक्युलर्स नावाचं एक प्लगइन आहे. ते सुरू करून त्यात आपली दुर्बीण आणि आपला कॅमेरा एकदाच नोंदवायचा: फोकल लेंथ, आरशाचा व्यास, सेन्सरची रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये आणि आडवे-उभे पिक्सेल किती ते. मग चंद्रावर क्लिक करून सेन्सरचं बटण दाबलं की चंद्रावर एक लाल चौकट येते. ती चौकट म्हणजे तुमचा फोटो. चौकटीत जे आहे ते येणार, बाहेरचं राहणार. दुर्बीण बदला, चौकट लहानमोठी होते. कॅमेऱ्याचा कोन बदला, चौकट फिरते. पुढच्या महिन्याची तारीख टाका, उजेड-अंधाराची सीमारेषा सरकते. मी हे पहिल्यांदा केलं त्या रात्री दीड तास खुर्चीवरून उठलो नाही.

चौकट चुकीची दाखवली जाते तेव्हा दोष जवळजवळ नेहमी आपण दिलेल्या आकड्यांचा असतो. माझंच सांगतो. डीएसएलआरला लावायचा ॲडॅप्टर मी मोठ्या हौसेने घेतला. हिशेबाने चंद्र मावणार होता. पण गच्चीवर गेल्यावर फोकसच होईना. या प्रकारच्या दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या (कॅमेरा आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीच्या) तोंडापासून फार बाहेर येत नाही आणि डीएसएलआरमध्ये सेन्सर बराच आत बसलेला असतो, म्हणून फोकसर पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर प्रतिमेपर्यंत पोहोचत नाही. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. मग बार्लो भिंग लावलं. बार्लोने प्रतिमा बाहेर आली, फोकस झाला, पण फोकल लेंथ दुप्पट होऊन २४०० मिमी झाली आणि चंद्र २२ मिमीचा. रुंदीत जेमतेम बसला, उंचीत वर-खाली साडेतीन-साडेतीन मिमी कापला गेला. ती पौर्णिमेची रात्र होती आणि मला गोल चंद्र हवा होता. स्टेलेरियममध्ये दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या जोडीला बार्लोही नोंदवता येतो. तो आधीच नोंदवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

बार्लोबद्दल आणखी एक. त्यावर "दुप्पट" लिहिलेलं असलं तरी सेन्सर भिंगापासून जितका दूर तितकी वाढ जास्त. दुप्पटचा बार्लो प्रत्यक्षात अडीच पटही निघू शकतो. म्हणून एक फोटो काढा, घरी येऊन त्याच वेळेचा चंद्र स्टेलेरियममध्ये उघडा, आणि फोटोच्या चारही कडांवर जी विवरं आहेत तीच विवरं लाल चौकटीच्या कडांवर येईपर्यंत फोकल लेंथचा आकडा कमीजास्त करत राहा. जुळला की तो आकडा तुमच्या जोडणीचा खरा. कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवून द्या.

छोटा सेन्सर असला तर पूर्ण चंद्रासाठी तुकडे घ्यायचे आणि जोडायचे. याला मोझेक म्हणतात, आणि सॉफ्टवेअरने आधी आखणी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे झाला. ४.८ बाय ३.६ मिमीचा सेन्सर १२०० मिमी फोकल लेंथवर आकाशाचा पावणेचौदा बाय सव्वादहा कलांचा तुकडा बघतो. शेजारचे तुकडे एकमेकांवर पाव भाग तरी चढले पाहिजेत, नाहीतर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला समान खुणा सापडत नाहीत. पूर्ण गोल चंद्राला मग तीन आडवे आणि चार उभे, असे बारा तुकडे लागतात.

अष्टमीचा चंद्र अर्धा. उजळलेला भाग साधारण साडेपंधरा कला रुंद आणि ३१ कला उंच. सेन्सरची लांब बाजू चंद्राच्या रुंदीकडे ठेवली तर रुंदीत दोन आणि उंचीत चार, एकूण आठ तुकडे. आता कॅमेरा नव्वद अंश फिरवा, लांब बाजू सीमारेषेला समांतर करा. उंचीत तीन, रुंदीत दोन, एकूण सहा. फक्त कॅमेरा फिरवून दोन तुकडे वाचले. आठवरून सहावर येण्यात काय एवढं मोठं, असं वाटेल. पण प्रत्येक तुकड्याचा एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्यायचा असतो, मग दुर्बीण सरकवायची, थरथर थांबू द्यायची, जागा तपासायची. आणि तोवर चंद्रावर ऊन सरकत असतं. चंद्राच्या विषुववृत्तावर सूर्योदयाची रेषा ताशी सुमारे १५ किमी पुढे जाते. अर्ध्या तासात सात-आठ किमी. माझ्या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे चंद्रावरचे साधारण बाराशे मीटर, म्हणजे अर्ध्या तासात सावली सहा-सात पिक्सेल सरकलेली असते. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यांतल्या सावल्या जुळत नाहीत आणि जोडावर पर्वताचं शिखर दोनदा येतं. म्हणून मी सीमारेषेवरचे तुकडे आधी, एकामागोमाग घेतो. कडेचा भरउन्हातला भाग शेवटी. तिथे सावल्याच नसतात, त्यामुळे थोडं थांबला तरी चालतो.

एक्स्पोजर आणि गेन (सेन्सरची संवेदनशीलता) सगळ्या तुकड्यांना एकच ठेवा. सीमारेषेजवळ फोटो काळपट दिसतो म्हणून तिथे उजेड वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर जोडलेल्या चंद्रावर गोधडीसारखे ठिगळ दिसतात.

हे व्हिडिओ घ्यायला मी शार्पकॅप वापरतो, काहीजण फायरकॅप्चर वापरतात. व्हिडिओच का, फोटो का नाही? कारण आपल्या डोक्यावरची हवा सतत हलते आणि शेकडो फ्रेमांतल्या थोड्याच स्पष्ट निघतात. ऑटोस्टॅकर्ट त्या स्पष्ट फ्रेमा निवडून एकावर एक रचतं. रचताना कडा थोड्या वाया जातात, म्हणून आखणी करतानाच चौकटीच्या कडेला हव्या असलेल्या गोष्टी ठेवू नका. तयार तुकडे मग हगिनमध्ये जोडायचे.

आता ठाण्याच्या अक्षांशाची गोष्ट. मला ती फार उशिरा कळली. ठाणे विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे, त्यामुळे चंद्र आपल्याकडे बऱ्याचदा जवळजवळ डोक्यावरून जातो. उगवताना त्याचा उत्तर ध्रुव आपल्या डावीकडे कललेला असतो, मावळताना उजवीकडे. उगवतीपासून मावळतीपर्यंत क्षितिजाच्या हिशेबाने तो सुमारे १४० अंश फिरतो. लंडनकडच्या अक्षांशावर तो जेमतेम ८० अंश फिरेल. शिवाय हे फिरणं दिवसभर सारखं होत नाही, डोक्याजवळून जाताना झपाट्याने होतं. डॉब्सोनियनसारखी वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारी दुर्बीण वापरत असाल तर चौकटीतला चंद्र तुमच्या डोळ्यांदेखत वळतो आणि पहिल्या ओळीतले तुकडे आणि तिसऱ्या ओळीतले तुकडे तिरपे बसतात. म्हणून आता मी आखणी करताना वेळही स्टेलेरियममध्ये पुढेमागे करून पाहतो. चंद्र चाळीस-पन्नास अंशांवर असताना हवा पुरेशी स्वच्छ असते आणि वळणंही संथ असतं. माघातल्या त्या अष्टमीला साडेनऊपर्यंत थांबलो असतो तर काम निम्म्या त्रासात झालं असतं.

दुर्बिणीला मोटर असेल तर तिला ताऱ्यांच्या वेगावर ठेवू नका, चंद्राच्या वेगावर ठेवा. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत दर तासाला जवळजवळ आपल्या बिंबाएवढा पूर्वेकडे सरकतो. मोटर नसेल तर दोन मिनिटांत आख्खं बिंब चौकटीतून निघून जातं. तेव्हा चंद्राला चौकटीच्या एका कडेला ठेवून वाहू द्यायचं आणि वाहताना व्हिडिओ घ्यायचा. मोटर नसतानाही बरी मोझेक होते, मी करत आलो आहे.

सूर्याकडे वळण्याआधी एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. सॉफ्टवेअर डोळे वाचवत नाही. सूर्यासाठी मान्यताप्राप्त सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसलेला असलाच पाहिजे. डोळ्याने बघण्यासाठीची फिल्टरची फिल्म लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. फोटोसाठीची म्हणून जी पातळ फिल्म मिळते तिच्यातून डोळ्याने कधीच बघू नका. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) बाजूला लावायचे काळे काचेचे फिल्टर उन्हाने तडकतात, ते घेऊच नका. फाइंडरवर (दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर) झाकण ठेवा किंवा तो काढून टाका. सूर्य शोधायला दुर्बिणीची जमिनीवर पडणारी सावली बघा. सावली सगळ्यात लहान आणि गोल झाली की दुर्बीण सूर्याकडे आहे. आणि गच्चीवर मुलं असतील तर एक क्षणही दुर्बीण एकटी सोडू नका.

सूर्याच्या चौकटीत मोकळी जागा फार मोलाची. ४० मिमीच्या छोट्या हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनच्या ठरावीक लाल प्रकाशातच सूर्य दाखवणाऱ्या) दुर्बिणीची फोकल लेंथ बहुधा ४०० मिमी असते. तिच्यात सूर्यबिंब जवळपास ३.७ मिमीचं पडतं. मघाच्या छोट्या सेन्सरची उंची ३.६ मिमी. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी सूर्य केसभर कापलाच जातो. आणि या दुर्बिणीतून बघायचं मुख्य काय, तर कडेवरून उसळणारे वायूचे लोळ, प्रॉमिनन्स! ते बिंबाच्या बाहेर असतात. पाच मिमी उंचीच्या सेन्सरवर वर-खाली प्रत्येकी ०.६५ मिमी मोकळे राहतात. सूर्याच्या मापात हे सुमारे २,४०,००० किमी झाले, म्हणजे ओळीने मांडलेल्या एकोणीस पृथ्वी मावतील एवढी जागा. बहुतेक लोळ त्यात मावतात. कॅमेरा निवडताना मी पिक्सेलच्या आधी ही उंची बघायला सांगतो.

सूर्याच्या बाबतीत दिशेचाही घोळ होतो. स्टेलेरियममधल्या सूर्यावर आजचे डाग असतीलच असं धरून चालू नका. त्यासाठी नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचं त्या दिवसाचं चित्र उघडा. २०१० पासून ही वेधशाळा अवकाशातून सूर्य टिपते आहे. भारताच्या आदित्य-एल१ वरची सूट ही दुर्बीणही सूर्याची पूर्ण चकती टिपते, आणि ती पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने बनलेली आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नासाच्या त्या चित्रांत सूर्याचा स्वतःचा उत्तर ध्रुव वर असतो. आपल्या फोटोत आकाशाची उत्तर वर असते, फार तर. या दोन उत्तरांमध्ये फरक असतो आणि तो वर्षभर बदलतो: जानेवारीच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ शून्य, एप्रिलच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या मध्याआधी सुमारे २६ अंश, एकदा या बाजूला आणि एकदा त्या. एप्रिलमध्ये "माझे डाग भलत्याच जागी आले" असं कुणी म्हणालं तर बहुधा हेच झालेलं असतं.

आकाशाची दिशा शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. मोटर बंद करा आणि एखादा डाग स्क्रीनवर कसा वाहतो ते बघा. तो ज्या दिशेला जातो ती पश्चिम. कॅमेरा हळूहळू फिरवा. डाग चौकटीच्या कडेला समांतर वाहू लागला की कॅमेरा सरळ झाला. त्यानंतर सॉफ्टवेअरमधल्या चौकटीचा कोन शून्य धरायचा आणि त्यावरून पुढची आखणी करायची. बिंब पूर्ण मावत असेल तर पिप नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधलं बिंब शोधून मध्यभागी आणतं आणि कडा नेमक्या कापून देतं. वाऱ्याने दुर्बीण हलली असली तरी तयार व्हिडिओत सूर्य स्थिर दिसतो.

गच्चीवरच्या सूर्यासाठी सकाळ बरी. नऊ-साडेनऊनंतर गच्चीचा स्लॅब तापतो, एसीच्या बाहेरच्या युनिटांची गरम हवा वर येते आणि सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलायला लागते.

चौकटीत जमिनीवरचं काही घ्यायचं असेल तर तेच ११० पुन्हा कामाला येतं. कुठल्याही वस्तूपर्यंतच्या अंतराला ११० ने भागा, तेवढी रुंदी चंद्राने झाकली जाते. दोन किलोमीटरवरच्या इमारतीच्या मागे चंद्र आला तर तो त्या इमारतीशेजारी १८ मीटर रुंदीचा दिसेल, म्हणजे साधारण सहा मजले. दोनशे मीटरवरच्या इमारतीमागे तोच चंद्र दोन मीटरही दिसणार नाही. मोठा चंद्र हवा तर इमारतीपासून लांब जावं लागतं. ठाणे पूर्वेच्या खाडीकिनारी उभं राहिलं की पौर्णिमेचा चंद्र पारसिकच्या डोंगरावरून वर येतो, तिथे हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. उगवतीला चंद्र मोठा भासतो, पण मोजला तर मोठा नसतो. उलट क्षितिजाजवळच्या हवेने तो उभ्या दिशेत चेपला जातो, त्यामुळे चौकट आडवी ठेवलेली चांगली. चंद्र डोंगराच्या कुठल्या टोकावरून येईल हे महिन्यागणिक बदलतं, आणि ते स्टेलेरियममध्ये दिगंश (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला दिशेचा कोन) बघून आधी कळतं.

आता एक तारीख टाकून बघा: २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी स्पेनपासून इजिप्त, सौदी अरेबियापर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण आहे. लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. ठाण्यातून ते खंडग्रास आहे, दुपारनंतर, सूर्य पश्चिमेकडे कललेला असताना. ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे ढगांचं सांगता येत नाही. तरी ठिकाण ठाणे ठेवा, आपली दुर्बीण आणि कॅमेरा निवडा, सूर्यावर लाल चौकट आणा आणि वेळ मिनिटामिनिटाने पुढे न्या. चंद्र सूर्याच्या कुठल्या कडेने आत शिरतो, सगळ्यात जास्त झाकला जातो तेव्हा उरलेली कोर कुठे वळलेली असते, हे दिसेल. भाचीने हे करून पाहिलं. मग ती गच्चीवर गेली, पश्चिमेच्या कठड्याशी उभी राहिली आणि येऊरच्या डोंगराकडे हात करून म्हणाली, "मामा, त्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे. तिथून सूर्य मोकळा दिसेल." आम्ही तिथे खडूने एक फुली मारून ठेवली आहे. पावसाने ती पुसली गेली की ती पुन्हा काढते.